वाऱ्याच्या दिवशी पहिले शीड

अमरावतीहून नागपूरकडे निघाले म्हणजे राष्ट्रीय महामार्गावर थोड्याच वेळात नांदगाव पेठ लागते. औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने, औष्णिक वीज केंद्राची धुरांडी आणि त्यांच्या भोवती कपाशी, तूर व सोयाबीनची शेते असे या परिसराचे आजचे रूप आहे. येथून समुद्र पश्चिमेस सुमारे पाचशे किलोमीटर दूर. शीड, सुकाणू, डोलकाठी हे शब्द येथील मुलांना पाठ्यपुस्तकात भेटतात, परीक्षेपुरते पाठ होतात आणि पुढे विसरले जातात.

गेल्या वर्षी पोळा होऊन काही दिवस लोटले असतील, या गावातील एक परिचित गुरुजी माझ्याकडे कार्यालयात आले. त्यांची कन्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी नागपुरास असते. तेथे राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल पथकात तिची निवड झाली होती. कवायत, दोरांच्या गाठी, झेंड्यांच्या खुणा येथवर सर्व सुरळीत चालले. पण 'येत्या रविवारी आम्हाला शिडाच्या होडीत नेणार आहेत' असे तिने कळविताच घरात खळबळ उडाली. आजींनी तर सरळच विचारले, "पोरीले पाण्यात कायले पाठवतं रे?" गुरुजींजवळ उत्तर नव्हते. विद्यार्थिदशेत मीही अशाच पथकात होतो, हे त्यांना ठाऊक होते. ते म्हणाले, "साहेब, होडीचे एक वेळ समजू शकतो. पण त्या दिवशी वारा असला तर?"

शिडाच्या होडीसंबंधी याहून नेमका प्रश्न विचारता येणार नाही. वारा नसेल तर शीड चालत नाही. वारा अनावर असेल तर नवख्याने पाण्यावर जाऊच नये. या दोहोंच्या मधला जो दिवस असतो, ज्या दिवशी झाडांच्या फांद्या हलत असतात आणि पाण्यावर लाट उठत असते, त्याच दिवशी नवखा माणूस सर्वांत अधिक शिकतो आणि सर्वांत अधिक घाबरतोही. अशा दिवशी त्याला सोबत घेऊन जाणाऱ्याने काय पाहावे, काय सांगावे आणि केव्हा नकार द्यावा, हे मी गुरुजींना त्या दुपारी यथाशक्ति सांगितले. तेच येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहे.

पाणी दाराशी आले आहे

हा विषय एका कुटुंबापुरता नाही. वऱ्हाडातील माणसाला पाणी ठाऊक आहे ते विहिरीचे, नाल्याच्या पुराचे आणि पाणीटंचाईच्या काळातील टँकरचे. विस्तीर्ण, उघडे, वाऱ्याखाली हलणारे पाणी हा त्याच्या पूर्वजांचा अनुभव नव्हे. कोकणात तांडेलाचा नातू आजोबांच्या मांडीवर बसून वारा ओळखू लागतो; येथे ती परंपरा नाही. मात्र गेल्या काही दशकांत हे पाणी आपल्या दाराशी येऊन ठेपले आहे. मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण झाले आणि नल-दमयंती सागर नावाचा मोठा जलाशय निर्माण झाला. अमरावती शहराची तहान त्याच पाण्यावर भागते व नांदगाव पेठच्या वीज केंद्रालाही पाणी तेथूनच येते. अशा जलाशयांच्या काठची गावे आता मासेमारी करतात, पलीकडच्या तीरावर ये-जा करतात, पाहुण्यांना होडीतून फिरवितात. पाणी आले, परंतु पाण्याची समज त्याबरोबर आली नाही.

याची किंमत आपण मोजली आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत होडी उलटून अकरा जण बुडाले. दशक्रियेसाठी एकत्र आलेल्या नातलगांचा हा समूह होता. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी अकस्मात सुटलेल्या वादळी वाऱ्यात सापडून उलटली आणि सहा जणांना प्राणास मुकावे लागले. या दोन्ही होड्या शिडाच्या नव्हत्या. मग शिडाच्या लेखात त्यांचा उल्लेख कशासाठी, असे कोणी विचारील. कारण असे की, शीड शिकलेला माणूस कोणत्याही होडीत पाय ठेवण्यापूर्वी आकाशाकडे पाहतो, माणसे मोजतो आणि अंगात जाकीट आहे की नाही ते तपासतो. यंत्राची होडी चालविणाऱ्याला वाऱ्याकडे दुर्लक्ष करून काही काळ निभावता येते. शिडाच्या होडीत पहिल्या मिनिटापासून वाऱ्याशीच व्यवहार असतो.

वारा ओळखावा कसा

१८०५ साली ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी वाऱ्याची शून्यापासून बारापर्यंत श्रेणी ठरविली. त्यांनी ती युद्धनौकेच्या शिडांवरून बसविली होती. पुढे तिला जमिनीवरील खुणांची जोड मिळाली. आपल्या उपयोगाच्या आहेत त्या या जमिनीवरच्या खुणा, कारण त्या ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

चेहऱ्याला वारा जाणवतो आणि पाने सळसळतात तेव्हा वारा दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे ताशी ६ ते ११ किलोमीटर असतो. पाने व बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या आणि हलका झेंडा पसरला की तिसरी श्रेणी, ताशी १२ ते १९ किलोमीटर. रस्त्यावरील धूळ व कागदाचे कपटे उडू लागले आणि लहान फांद्या हलू लागल्या म्हणजे चौथी, ताशी २० ते २८ किलोमीटर. लहान झाडेच डोलू लागली आणि तलावातील लाटांच्या माथ्यावर तुरे दिसू लागले की पाचवी, ताशी २९ ते ३८ किलोमीटर. दुसरी व तिसरी श्रेणी नवख्यासाठी उत्तम होय. चौथी श्रेणी हा आपल्या लेखातील 'वाऱ्याचा दिवस'. जाणता माणूस बरोबर असेल आणि शीड आखडले असेल तरच त्या दिवशी नवख्याला न्यावे. पाचव्या श्रेणीत त्याला काठावर बसवून पाणी दाखवावे. तोही एक धडाच आहे.

येथे एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरील दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट झाल्यास दाब नऊपट. म्हणून ताशी १० किलोमीटरच्या वाऱ्यात सहज हाताळलेली होडी ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात निराळेच जनावर होते. 'काल तर काहीच वाटले नाही' हे वाक्य पाण्याच्या काठी फार धोक्याचे आहे. शिवाय झाडांच्या आडोशाला उभे राहून घेतलेला अंदाज उघड्या जलाशयावर खोटा ठरतो. तेथे वाऱ्याला अडविणारे काही नसते.

वाऱ्याचे बळ पाहिल्यावर दिशा पाहावी. खळ्यात धान्य उपणणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. तो मूठभर भुसा सोडतो आणि त्यावरून आपली उभे राहण्याची जागा ठरवितो. भुसा नसेल तर वाऱ्याकडे तोंड करून मान हळूहळू फिरवावी. दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा येऊ लागला की नाक जिकडे असेल तिकडून वारा येत आहे असे समजावे. काठावरून पाण्याकडे वाहणारा वारा फसवा असतो. त्या बाजूस काठाजवळचे पाणी शांत दिसते, होडी सुरेख निघते, आणि आत गेल्यावर परतीची वाट वाऱ्याच्या विरुद्ध असल्याचे कळते. पाण्याकडून काठाकडे येणारा वारा होडी ढकलताना त्रास देतो, पण होडी उलटली तर तिला व माणसाला काठाकडेच आणतो. पहिल्या दिवशी मी हाच वारा पसंत करीन.

आपल्या भागाची एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. चैत्र-वैशाखापासून मृग लागेपर्यंत दुपारनंतर येणारी वादळे ही कोणत्याही श्रेणीत आधी बसत नाहीत. दिवसभर उकाडा असतो, पश्चिमेस ढग चढतात, वारा अचानक पडतो, आणि मग काही क्षणांत धुळीचा लोट घेऊन झोत येतो. पडलेला वारा म्हणजे शांतता असे नवखा समजतो. वस्तुतः ती सूचना असते. मेघगर्जना कानी पडली की होडी पाण्यावर घालू नये आणि पाण्यावर असल्यास तत्काळ काठ गाठावा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे इशारे आता भ्रमणध्वनीवर मिळतात. वीज पडण्याच्या संभाव्यतेची सूचना देणारे 'दामिनी' हे उपयोजन पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केले आहे. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ते आपल्या भ्रमणध्वनीत ठेवण्यास काहीच हरकत नाही.

शीड आणि कासरा

वारा पाठीमागून आला तर होडी पुढे जाईल, हे कोणालाही समजते. पण वारा बाजूने येत असताना, इतकेच नव्हे तर तिरकस समोरून येत असतानाही ती पुढे कशी जाते? याचे उत्तर संत्र्याच्या बीत आहे. मोर्शी-वरूडकडील कोणत्याही मुलाने हा खेळ केलेला असतो: ओली बी अंगठा व तर्जनी यांच्यात दाबली की ती बोटांच्या दिशेने न जाता पुढे उडते. शिडाच्या होडीत एक बोट म्हणजे शिडावरचा वारा आणि दुसरे बोट म्हणजे पाणी. होडीच्या मध्यातून खाली एक उभी फळी पाण्यात सोडलेली असते. ती होडीला बाजूला सरकू देत नाही. दोन्हीकडून दाबलेल्या होडीला मोकळी वाट राहते ती पुढची. शास्त्रीय परिभाषेत सांगायचे तर फुगलेले शीड विमानाच्या पंखासारखे काम करते. त्याच्या दोन बाजूंस हवेचा दाब कमी-अधिक होतो आणि त्यातून ओढ निर्माण होते. पण पहिल्या दिवशी संत्र्याची बी पुरे.

सरळ वाऱ्याच्या तोंडावर मात्र कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दोन्ही अंगांना साधारण ४५ अंशांपर्यंतचा भाग तिला वर्ज्य आहे. त्या दिशेला जायचे असल्यास चिखलदऱ्याच्या घाटातील रस्त्याप्रमाणे डावी-उजवी वळणे घेत जावे लागते. ही वर्ज्य दिशा नवख्याला अडचण वाटते, परंतु तीच त्याचे आश्रयस्थान आहे. होडीचे पुढचे टोक वाऱ्याकडे वळविले की शीड फडफडू लागते, त्यातील जोर नाहीसा होतो आणि होडी थांबते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वऱ्हाडातील मुलाच्या हाताला कासऱ्याची सवय असते. बैल उधळला की कासरा ओढायचा. ओढला की बैल थांबतो. ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि शिडाच्या होडीत ती नेमकी उलटी पडते. येथे शिडाची दोरी ओढली की शीड वाऱ्याला आवळून धरते, होडी पळू लागते आणि एका अंगावर कलते. दोरी सोडली की शीड वाऱ्याला वाट देते, होडी सरळ होते व थांबते. भ्यालेला माणूस हातातील वस्तू घट्ट धरतो. म्हणजे होडी कलली की नवखा दोरी अधिकच ओढतो आणि स्वतःच्या हातानेच ती उलटवितो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या पहिल्या फेरीत वारा चांगलाच होता. सूचना सर्व मिळालेल्या होत्या व मान डोलावून मी त्या ऐकल्याही होत्या. झोत आला, होडी कलली, पाणी काठावरून आत येऊ लागले. मागे बसलेले प्रशिक्षक शांतपणे, नंतर मोठ्याने, नंतर अगदी कवायतीच्या आवाजात "छोड दे, छोड दे" असे म्हणत होते. मला शब्द ऐकू येत होते, परंतु मूठ उघडत नव्हती. क्षणभराने आम्ही दोघेही तलावात होतो. जाकिटामुळे डोके वर राहिले. ते हसले, मी मात्र हसू शकलो नाही. नंतर काठावर त्यांनी मला वाळूवर बसवून हातात दोरी दिली आणि ते म्हणतील तेव्हा मूठ उघडण्याचा सराव पंचवीस वेळा करविला. हा सराव आधी करविला असता तर कोरड्या कपड्यांनी घरी गेलो असतो, असे मला आजही वाटते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, वाऱ्याच्या दिवशी नवख्याचा पहिला धडा शीड ओढण्याचा नसून सोडण्याचा असावा, आणि तो जमिनीवर व्हावा. होडी काठावर उभी करून, तिचे तोंड वाऱ्याकडे ठेवून, शीड वर चढवावे. त्याचा फडफडाट मोठा असतो. तो आवाजच निम्म्या लोकांना घाबरवितो. तो जमिनीवर ऐकून घ्यावा. मग दोरी ओढणे, सोडणे, पुन्हा ओढणे, पुन्हा सोडणे. शिडाखालची आडवी काठी या बाजूची त्या बाजूस जाताना डोके कसे वाकवायचे, तेही तेथेच शिकावे. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, ही दुसरी उलटी गोष्टही तेथेच हातात बसवावी.

पाण्यावर

होडी पाण्यात घालण्यापूर्वी जाकीट अंगात हवे, बंद बांधलेले हवे. बसण्याची उशी म्हणून वापरलेले किंवा 'लागले तर घालू' म्हणून पायाशी ठेवलेले जाकीट नसल्यासारखेच. उलटलेल्या होडीच्या शेजारी पाण्यात ते चढविणे पोहणाऱ्यालाही कठीण जाते. ते मापाचे असावे. खांद्यावर धरून वर उचलल्यास हनुवटीवरून निसटत असेल तर ते मोठे आहे. नवख्याने कमरेइतक्या पाण्यात जाऊन जाकिटाच्या आधाराने एकदा तरंगून पाहावे. पोहता येणे चांगलेच; परंतु पट्टीचा पोहणारा जाकिटाशिवाय आणि न पोहणारा जाकिटासह, यांत मी दुसऱ्याला होडीत घेईन.

छात्रसेनेच्या नौदल शाखेत शिकविण्यासाठी 'एंटरप्राइझ' जातीची दुहेरी होडी वापरतात. इंग्लंडमधील जॅक होल्ट यांनी १९५६ साली तिचा आराखडा केला. लांबी सुमारे चार मीटर, डोलकाठी एक, शिडे दोन. वाऱ्याच्या दिवशी पुढचे लहान शीड चढवूच नये आणि मोठे शीड खालून गुंडाळून आखडावे. वारा कमी निघाला तर ते पुन्हा सोडता येते. पाण्यावर गेल्यानंतर नवख्याला घेऊन आखडणे मात्र अवघड. शाळकरी मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' ही एकाच शिडाची छोटी होडी जगभर प्रचलित आहे. अमेरिकेत फ्लॉरिडा येथे क्लार्क मिल्स यांनी ती १९४७ मध्ये तयार केली. ती जेमतेम २.३ मीटर लांब व ३५ किलो वजनाची असून दोन मुले ती उचलून नेतात.

पहिली फेरी वारा बाजूने घेऊन, काठाला दिसेल इतक्या अंतरावर, सरळ जाऊन सरळ परत येण्याची असावी. दोघांनीही वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसावे म्हणजे वजनाने होडी सावरते. सुकाणू नवख्याच्या हाती द्यावे, दोरी मात्र पहिली दहा मिनिटे शिकविणाऱ्याने स्वतःकडे ठेवावी, कारण जोर दोरीत असतो. निघाल्यानंतर पाच मिनिटांच्या आत एकदा मुद्दाम दोरी पूर्ण सोडून दाखवावी. होडी सरळ होते, थबकते, शीड फडफडते आणि काहीही वाईट घडत नाही. हे डोळ्यांनी पाहिले की नवख्याच्या चेहऱ्यातच फरक पडतो. त्यानंतर दोरी त्याच्या हाती देऊन तेच त्याच्याकडून करवून घ्यावे.

शिकविणाऱ्याने शब्द थोडे वापरावेत आणि तेच तेच वापरावेत. 'सोड', 'ओढ', 'वाक', 'वळ' एवढे पुरतात. वाऱ्यात लांब वाक्य पोहोचत नाही. झोत येण्यापूर्वी पाण्यावर काळसर सुरकुतलेला पट्टा सरकत येताना दिसतो. तो बोटाने दाखवावा आणि 'आता येईल' असे आधीच सांगावे. अचानक आलेला झोत भीती घालतो, सांगून आलेला झोत शिकवितो. वळण घ्यायचे ते पुढचे टोक वाऱ्यातून नेऊन. वारा पाठीशी घेऊन वळल्यास आडवी काठी एकदम जोराने या बाजूची त्या बाजूस येते व डोक्याला इजा होऊ शकते. ते वळण पहिल्या दिवशी वर्ज्य.

होडी उलटलीच तर एकच नियम: होडी सोडू नये. आतील हवेच्या कप्प्यांमुळे ती तरंगत राहते, ती दुरून दिसते आणि तिला धरून कितीही वेळ राहता येते. काठ डोळ्यांना नेहमी जवळ भासतो. होडी सोडून काठाकडे पोहत निघालेला माणूस वाटेत थकतो आणि शोधणाऱ्यांना त्याचे एवढेसे डोके लाटांत सापडत नाही. होडी सरळ करण्यासाठी तिचे तोंड वाऱ्याकडे आणून मधल्या फळीवर वजन द्यावे लागते. ते शिकविणारा करील. नवख्याने हात सोडायचा नाही, एवढेच त्याचे काम. म्हणजे दोरी सोडायची आणि होडी धरायची! नेमके याच्या उलट करण्याकडे भ्यालेल्या मनाचा कल असतो.

अर्ध्या तासात परत यावे. उन्हात व वाऱ्यात माणूस नकळत थकतो, ओल्या कपड्यांनी डिसेंबरात कुडकुडतो. 'आणखी एक फेरी' असे नवखा म्हणत असतानाच काठ गाठला तर तो पुढच्या आठवड्यात नक्की येतो. दुसरी होडी, शक्य तर यंत्राची, जवळ सज्ज असावी; ती नसेल तर वाऱ्याच्या दिवशी नवख्याला नेऊ नये.

समुद्र नसलेल्या गावांची मुले

हे सर्व ऐकल्यावर गुरुजींनी विचारले की, आपल्याकडच्या मुलींना हे झेपेल का. सातपुडा ओलांडला की पलीकडे मध्य प्रदेश. त्यालाही समुद्र नाही. भोपाळला राजा भोजाच्या नावाशी निगडित मोठा तलाव आहे आणि तेथे शीडनौकानयनाचे प्रशिक्षण केंद्र चालते. देवास जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील नेहा ठाकूर तेथे शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत तिने या खेळात रौप्यपदक मिळविले. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांच्या प्रमुख वर्तिका जोशी उत्तराखंडच्या, तर सहकारी विजया देवी मणिपूरच्या. त्यांच्याआधी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. अमरावतीला तर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची १९१४ पासूनची परंपरा आहे. १९३६ साली बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखविणाऱ्या जिल्ह्याला नवा खेळ शिकणे जड जाऊ नये.

पंचायतींच्या सदस्यांसाठी दोन शब्द. आपल्या गावालगतच्या पाण्यात होडी चालत असेल, तर ती कोणाची, किती माणसांची आणि जाकिटे किती, हे ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा आता २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने घेतली असून त्यात नोंदणी व सुरक्षिततेच्या तरतुदी आहेत. परंतु कायद्याची प्रत येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. घाटावर एक पाटी लावता येते, माणसांची मर्यादा रंगाने होडीवर लिहिता येते आणि दशक्रियेच्या किंवा यात्रेच्या दिवशी तेथे एक जबाबदार माणूस उभा करता येतो. 'आज वारा आहे, होडी निघणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार त्याला गावाने दिलेला असावा. पाहुणे रुसतील, चार पैसे बुडतील, ते सोसावे.

त्या रविवारी नागपुरात सकाळपासून ढग होते. प्रशिक्षकांनी मुलींना काठावरच ठेवले, जमिनीवरील होडीत बसवून दोरी सोडण्याचा सराव करविला आणि घरी पाठविले. गुरुजींच्या कन्येची थोडी निराशा झाली. पुढील रविवारी डहाळ्या हलत होत्या, धूळ उडत नव्हती. ती गेली, वीस मिनिटांनी परत आली आणि संध्याकाळी तिने घरी दूरध्वनी केला. होडी कलली तेव्हा ओरडले, पण दोरी सोडली, असे तिने सांगितले. गुरुजींनी फोन आजींच्या हाती दिला. आजींनी होडी, वारा, तलाव यांपैकी कशाचीच चौकशी केली नाही. त्यांनी एवढेच विचारले, "त्या जाकिटाचे बंद पक्के हायेत का? उसवले असतीन तं घेऊन ये, शिवून देतो."